तळ्यावरचे पोहे

शुक्रवार, ९ ऑगस्ट

उमरग्यात उतरलो. राजकोटहून दोन गाड्या बदलून. अंग आंबलं. पाणी द्यायच्या आधीच आई म्हणाली — परवा पोरगी बघायला जायचंय.

म्हणलं, बघतो. बघायचं आणि न्हाय म्हणायचं, हे गाडीतच ठरवलंय. कामापायी सुरत झाली, वापी झाली, राजकोटबी आता नकोसं झालंय. बायको घेऊन कुठं कुठं फिरू?

शनिवार, १०

पाऊस. मामा सांगत होता — पोरीचा बाप गुंडाप्पा, पक्ष्यांसाठी राखलेल्या तळ्यावर वॉचमन. पाखरांचे अंड्यावर बसायचे दिवस, त्याला रजा न्हाय. म्हणून पोरगी तळ्यावरच बघायची. पोहे डब्यातनं येणार.

असलं कुठं ऐकलं न्हवतं.

रविवार, ११

गेलो. चिखलात मामाची एक चप्पल रुतली, ती तिथंच हाय. पत्र्याच्या आडोशाला बसलो — मी, मामा, गुंडाप्पा, मधी डबा, पलीकडं पोरगी, श्रीदेवी. साडीवर रेनकोट.

गुंडाप्पा म्हणाले, "बोलायचं ते हळू. पाखरं उठतेत."

मग सगळे पाऊसच बघत बसलो. तास गेला. एका जागी एवढा मी कारखान्यातबी बसत न्हाय.

दोन बदकं आली. मामानं विचारलं, ही कंची? "हळदीकुंकू," गुंडाप्पा म्हणाले. खरंच तसं नाव हाय म्हणं. मामा लई खूश. चप्पल विसरला.

मग ते दोघं बांधावरचं कुंपण बघायला गेले. मुद्दाम गेले, कळतंय की.

श्रीदेवीनं दुर्बीण दिली. टिबुकली दाखवली, पाण्यावरच्या घरट्यात. मुठीएवढं पाखरू, पावसात तसंच बसलेलं. उठलं, तर आधी अंड्यांवर शेवाळ ओढलं आणि मग बुडी मारली.

"येती परत," ती म्हणाली.

आली.

मग तळ्याकडंच बघत म्हणाली — "तुमी न्हाय म्हणा. मी म्हणलं तर कॉलेजनं डोकं बिघडवलं म्हणतेल, घरी बसवतेल. धाराशिवला माझं शेवटचं वर्ष हाय."

म्हणलं, बरं. मी तेच म्हणणार होतो.

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठं हसली. डबा पुढं केला. पोहे गार झाले होते, सगळे खाल्ले. पाऊस वाढला म्हणून निघता येईना. मामा परत आला, चला चला करायला लागला. म्हणलं, थांब की जरा. भिजायचंय का?

सोमवार, १२

दोनदा एसटी स्टँडवर जाऊन आलो. काम काही न्हवतं. तळ्याकडची गाडी तिथनंच सुटती.

मंगळवार, १३

आईला सांगितलं, पोरगी पसंत न्हाय.

आई म्हणाली, मग जेवत का न्हाईस?