जिन्याकडे की ताईच्या दाराकडे

३ मार्च

बुटांचं पार्सल दारातून गायब झालं. दुसऱ्यांदा! शेवटी कॅमेऱ्याची बेल घेतली. बॅटरीवर चालते, वायर नाही. कुणी दाबली की मोबाइलवर चेहरा दिसतो, बोलताही येतं. समोर नुसतं कुणी हललं तरी मोबाइल वाजतो.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "उजव्या चौकटीला लावली तर शेजारचं दार दिसेल, डाव्या चौकटीला लावली तर जिना. चोर काय, जिन्यानेच येणार ना!"

"उजवीकडे," मी म्हटलं. विचारही केला नाही.

चिकटपट्टीने लावून गेला. "आठवडाभर बघा, मग भोकं पाडू."

शेजारचं दार ताईचं. सख्ख्या बहिणीचं. चार वर्षं झाली, अबोला आहे. आईच्या आजारपणात मी तिला तोंडावर म्हणाले होते, "तू नुसती बघत बसतेस, करत काही नाहीस!" आई गेली. वाक्य तेवढं राहिलं.

४ मार्च

दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते मी, पण आज दिवसभर डोळा मोबाइलवरच. दोन पेशंट उलटसुलट आत पाठवले. डॉक्टरीणबाई चिडल्या.

ताई दोनदा दिसली. केस रंगवायचे सोडलेत तिने. पांढरे छान दिसतात. भिंतीला भिंत लागून राहतो आणि हे मला कॅमेऱ्यातून कळावं!

दुपारी पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. बेल दिसली, तशीच आत वळली. मला बघून नव्हे, बेलला बघून. तरी लागलंच.

६ मार्च

ताईचा निरोप! इलेक्ट्रिशियन तिच्याकडे पंखा दुरुस्त करायला गेला होता, त्याच्याच हाती. "त्या बाईंना सांगा, माझ्या दारावर डोळा नको."

त्या बाई! माझ्या वेण्या घालायची ती. रोज रडवायची, इतक्या घट्ट.

बेल डावीकडे हलवली. आता दिसतो जिना आणि माझी फर्नची कुंडी. बसा बघत!

७ मार्च

कसं लिहू?

दवाखान्यात मी नेहमी मिरवते — माझ्या हाताला गुण आहे, आठवड्यातून एकदा पाणी घालते तरी फर्न कसं डवरलंय बघा.

आज दुपारी मोबाइल वाजला. कुंडीपाशी कुणीतरी वाकलेलं. ताई! बाटलीतून पाणी घातलं, वाळकी पानं खुडली, बोटाने माती दाबून पाहिली. हात सरावाचा होता. पहिल्यांदा करणारं माणूस असं करत नाही. म्हणजे मी कामावर गेले की रोज...? आणि मी तिला काय बोलले होते!

उठताना तिने वर पाहिलं. बेल दिसली. घाईने निघून गेली.

दाबली असती एकदा तर काय बिघडलं असतं? नुसती हाक ऐकायची होती मला.

९ मार्च

तिच्या दारापर्यंत गेले. बोट बेलपर्यंत नेलं. परत आले. हट्टात मीही त्याच आईची मुलगी.

१० मार्च

फर्नला पाणी मुद्दाम घालत नाहीये, सुकलेलं बघून तरी येईल ती. पोरकटपणा आहे, कळतं.

१३ मार्च

फर्न पिवळं पडलं. ताई फिरकली नाही. इलेक्ट्रिशियनचा फोन — भोकं कुठे पाडायची? थांब म्हटलं. कुठेही लावली तरी जी दिसायला हवी ती दिसत नाही, हे त्याला काय सांगू?

फार आठवण येते तिची. भिंतीपलीकडे भांडं पडलं तरी कान टवकारते मी.

१४ मार्च

बेल वाजली! ऐन गर्दीत, काउंटरवर. स्क्रीनभर ताईचा चेहरा, चष्मा नाकावर घसरलेला.

"झाड मारतेस का गं? नुसती बघत बसतेस, करत काही नाहीस!"

माझंच वाक्य. शब्द न् शब्द.

"हो ताई," एवढंच फुटलं तोंडातून.

समोरच्या पेशंटने माझे डोळे पाहिले. गालावर हात धरून विचारतो कसा, "बाई, तुमचाही दात दुखतोय का?"

म्हटलं, "दुखत होता. चार वर्षं."