डाव्या बाजूची फिरती सीट

वर्धा
९ नोव्हेंबर

प्रिय सुमीत,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. अल्लीपूरहून शाळा आटोपून आले तेव्हा सीताबाईने ते फ्रिजवर ठेवलेलं होतं. आत आरटीओचा फॉर्म, गाडी तुझ्या नावावर व्हायला माझी हरकत नाही असं तुझ्या वकिलाने टाईप केलेलं पत्र, आणि मी जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने केलेल्या तीन फुल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात तुला सापडलेल्या, स्टिअरिंगला लागून असतो त्या हँडगिअरचा फोटोही होता, आणि त्याच्यामागे तू लिहिलं होतंस, ‘ताई, नानांची गाडी पुन्हा होती तशी करू.’ तुझं अक्षर अजून तसंच आहे, ‘पुन्हा’मधला उकार ओळीच्या खाली लोंबणारा. मी सही करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू शेवटचं पान आधी उलटून बघणार नाहीस. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर माझं वाक्य तू पूर्ण करतोस आणि मग मला तेच म्हणायचं होतं असं वाटायला लागतं.

तुझ्या त्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर आमच्या शाळेतला धनंजय आहे, हे तुला ठाऊक नसावं. नानांच्या तेरवीला आला होतास तेव्हा बॉनेट उघडून तू फोटो काढत होतास. मला वाटलं, आठवण म्हणून काढतोयस. जानेवारीत धनंजयने स्टाफरूममध्ये मोबाइल माझ्यापुढे धरला आणि लगेच मागेही घेतला, बिचाऱ्याला वाचून झाल्यावर कळलं की गाडी कुणाची आहे. तू लिहिलं होतंस, ‘वडिलांची अठ्ठ्याहत्तरची पद्मिनी. जाणकार हातात नसली की क्लासिकचं असं होतं.’ खाली सत्तावीस जणांनी हळहळ व्यक्त केली होती. एकाने विचारलं होतं की मूळ इंजिन भंगारात घातलं का. त्याचं उत्तर मी तुला देते. मूळ इंजिन मागच्या पडवीत आहे, ऑइल लावून, ताडपत्रीत गुंडाळून. दर दिवाळीला मी ते उघडून पुसते. यंदाही पुसलं.

ती गाडी तुझी, हे आपल्या घरात कधी कुणी बोलून ठरवलं नाही, पण ठरलेलं होतं. अल्लीपूरच्या गुरांच्या दवाखान्यामागचं मैदान आठवतं ना तुला. रविवारी सकाळी नाना तुला उशीवर बसवून स्टिअरिंगपुढे बसवायचे, तू चौदा वर्षांचा होतास, मी सतरा. मी पायपुसणी झटकायची, काचा पुसायची, तुम्ही दोघं चकरा मारून आलात की पाणी द्यायची. एकदा आई म्हणाली की नमीलाही शिकवा, तर नाना हसले आणि म्हणाले, “नमीले कायले पाह्यजे गाडी?” वाईट हेतूने म्हणाले नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला असावा. मीही हसले होते. गावोगाव गुरांच्या डॉक्टरच्या त्या फियाटचा आवाज आला की लोक गायी-बैल गोठ्यातून बाहेर काढून ठेवायचे, आणि तुला वाटायचं की हे सगळं एक दिवस आपलं होणार. मग तू इंजिनिअरिंगला गेलास, मग पुण्याला, आणि नानांनी गाडी टिनाच्या शेडमध्ये लावली ती अकरा वर्षं लावली. विकू म्हटलं तर म्हणायचे, सुमीत येईल तेव्हा पाहू. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. तू दर वर्षी यायचास, शेडमध्ये जाऊन तिच्या टपावर थाप मारायचास, आणि परत जायचास.

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये नानांना झटका आला, तेव्हा तू आठ दिवस राहिलास, हे मी नाकारत नाही. दवाखान्यात धावपळ केलीस, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललास, मला धीर दिलास. पण नवव्या दिवसापासून काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनीच माहीत आहे. उजवी बाजू गेली होती. आठवड्यातून तीनदा सावंगीच्या दवाखान्यात व्यायामासाठी न्यायला सांगितलं होतं. ऑटोत बसवलं की ते ओरडायचे. शेजाऱ्यांची नवी उंच गाडी आणली तर तिच्या दारात डावा पाय रोवून अडून राहिले, दोघा माणसांना आवरेनात. दोन आठवडे आम्ही घरीच बसलो आणि त्यांचा हात आणखी आखडला. एक दिवस चाकाच्या खुर्चीवरून अंगणात नेलं, तर डावा हात शेडकडे करून ते रडायला लागले. त्यांना फक्त त्यांच्या फियाटमध्ये बसायचं होतं. मी एकोणचाळीस वर्षांची होते, आणि सायकल आणि बस सोडून काही चालवलेलं नव्हतं. तीन आठवड्यांत शिकले. भैय्याजी मिस्त्रीने गाडी चालू करून दिली, जुन्याच इंजिनावर, आणि मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “बाई, ही गाडी कधीमधी मिरवाची हाय. रोज चालवाची असन तर इंजिन बदलाच लागन.” मी नको म्हटलं. तुला वाईट वाटेल म्हणून नको म्हटलं, सुमीत.

मग मे महिना आला. सावंगीहून परतताना दुपारी साडेबाराला गाडी रस्त्यातच बंद पडली. आजूबाजूला झाड नाही. नाना पुढच्या लांब सीटवर टेकून बसलेले, घामाने निथळत, आणि मला बॉनेट कुठून उघडतं एवढंच माहीत. मी तुला फोन लावला. तू मीटिंगमधून बाहेर येऊन बोललास, हेही तुझ्या बाजूने लिहिते. तू म्हणालास, उन्हाने पेट्रोल उकळलं असेल, पंपावर ओलं फडकं टाक आणि पंधरा मिनिटं थांब. उपाय बरोबर होता. मी ओढणी भिजवून टाकली. पाणी तेवढंच होतं, नानांना प्यायला ठेवलेलं. गाडी चालू व्हायला पाऊण तास लागला, आणि तेवढ्या वेळात नानांचं धोतर ओलं झालं. ते माझ्याकडे बघत नव्हते. तू त्या फोनवर विचारलंस की ओरिजिनल पंपाला कुणी हात तर लावला नाही ना. गाडीत नाना आहेत का, हे विचारलं नाहीस. रात्री आठवणीने मेसेज केलास, ‘गाडी ठीक?’

दुसऱ्या दिवशी मी भैय्याजीला म्हटलं, काढा इंजिन.

तुझ्या ग्रुपवरच्या लोकांना कळावं म्हणून सगळं सांगते. हिंगणघाटला एक ११८ एनई, पद्मिनीच्याच कंपनीची नंतरची गाडी, पडीक होती. तिचं इंजिन आणि तिचाच गिअरबॉक्स फियाटमध्ये बसवला. हँडगिअर गेला कारण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना तो अडकायचा आणि माझा खांदा रात्रभर ठणकायचा. पुढचे ब्रेकही त्याच गाडीचे. इलेक्ट्रिक पंखा आणि इलेक्ट्रिक पंप, म्हणजे पुन्हा ओलं फडकं नको. आरटीओत चार चकरा मारून नवीन इंजिनाची नोंद करून घेतली, पासिंग करून घेतलं, सगळं कायद्याने आहे. आणि डावीकडची ती सीट, जिचा फोटो काढून तू खाली ‘हे काय आहे?’ असं लिहिलंस, ती फिरते. लांब सीट काढून तिथे एका व्हॅनची सीट लावली, खाली लोखंडी प्लेट आणि बेअरिंग. खटका दाबला की सीट दाराकडे तोंड करते. नानांना खुर्चीवरून उठवायचं, सीटवर टेकवायचं, पाय आत घ्यायचे आणि सीट हळूच पुढे वळवायची. भैय्याजीने ती तीनदा खोलून तीनदा बसवली, कारण पहिल्या दोन वेळा वळताना झटका बसत होता. पहिल्यांदा ती नीट फिरली तेव्हा नाना हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

तेव्हापासून ती माझी रोजची गाडी आहे. रोजचे जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, वर सावंगीच्या फेऱ्या. तुझ्या लोकांना वाटतं जुनी गाडी रोज चालवणं म्हणजे मजा. समोरच्या काचेचं रबर मिळत नाही म्हणून दर पावसाळ्यात माझ्या गुडघ्यावर पाणी ठिबकतं. क्लचप्लेटसाठी नागपूरला अर्धा दिवस जातो. कापसाच्या दिवसांत, म्हणजे आत्ता, ट्रकच्या मागे रांगेत तिला सारखी थांबवावी-उचलावी लागते आणि घरी येईस्तोवर माझा डावा पाय थरथरतो. शाळेतली पोरं धक्का द्यायला स्वतःहून येतात, ते मला अपमानाचं वाटायचं, आता वाटत नाही. मागच्या महिन्यात तू म्हणालास की ही दे, मी तुला नवीन घेऊन देतो, एसी असलेली. तू हे मनापासून म्हणालास. तुझ्यात देण्याचा स्वभाव आहेच. फक्त तू नेहमी तेच देतोस जे तुला द्यायला सोपं असतं.

आता जे लिहिणार आहे ते मी सीताबाईशिवाय कुणाला बोललेले नाही, आणि तिला तरी काय सांगायचं, नानांना सांभाळायला ती मागच्या सीटवर बसलेली असायची. नानांची वाचा गेली होती ती तीन-चार महिन्यांनी थोडी परत आली, हे तुला माहीत आहे. व्हिडिओ कॉलवर ते तुझ्याकडे नुसते बघायचे आणि तू म्हणायचास, नाना ओळखत नाहीत. स्क्रीनवरचा माणूस ते ओळखत नव्हते, खरं आहे. कारण त्यांचा सुमीत त्यांच्या शेजारी होता. नवीन इंजिनावर पहिल्यांदा सावंगीला निघालो त्या दिवशी चौकात मी गिअर बदलला, तर ते स्पष्ट म्हणाले, “शाबास सुमीत. आवाज नाई आला.” मला वाटलं जीभ चुकली. पण नंतर रोजच. घरात मी त्यांच्यासाठी कुणीच नव्हते, जेवण भरवणारी कुणी बाई. गाडीत बसले की मी सुमीत. सुमीत, हळू घे. सुमीत, पुढं बैलगाडी हाय. एकदा परतताना फार खुशीत होते, त्यांनी डावा हात कसाबसा वळवून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “तू आला म्हणून बरं झालं. नमीले नाई जमलं असतं हे.” मी ‘हो नाना’ म्हटलं. सीताबाई घरी आल्यावर मला म्हणाली, “सांगून काऊन नाई देत बाई त्याईले, का तुमी नमिता हाय म्हणून?” दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. गाडी बाजूला घेऊन, त्यांच्याकडे वळून, मोठ्याने सांगितलं की नाना, मी नमी आहे. ते घाबरले. दार उघडायला लागले. चालत्या गाडीतून सुमीत कुठे गेला म्हणून रडायला लागले. मग मी म्हटलं, इथेच आहे नाना, मी सुमीतच आहे, आणि गाडी चालू केली. त्यानंतर सात वर्षांत पुन्हा कधी सांगितलं नाही. शेवटच्या महिन्यात ते एकच विचारायचे, “नमी काऊन येत नाई भेटाले? कवाची दिसली नाई.” मी सांगायचे, तिला शाळेचं काम आहे. एकदा ते म्हणाले, “इतकं काय काम हाय तिले.” आणि त्यांचा राग शेवटपर्यंत गेला नाही. माझ्यावर रागावूनच ते गेले, सुमीत, आणि त्या वेळी त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर तू हात धुवून माझ्याजवळ आलास आणि खालच्या आवाजात विचारलंस, ‘ताई, नानांनी शेवटी माझी आठवण काढली का?’ मी म्हटलं, नाही. तुझा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं सहा-सात महिने टिकलं. तुझ्या त्या ग्रुपवरच्या ओळीनंतर तर मला वाटलं, चांगलंच केलं. पण आता वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलंय, तू येशील, पिंडाला हात जोडून उभा राहशील आणि तुला वाटत असेल की बाप आपल्याला विसरून गेला. तसं नव्हतं. सात वर्षं गाडीत बसले की त्यांच्या तोंडी तुझंच नाव असायचं. त्यांचा मुलगा परत आला होता, त्यांना रोज गाडीतून फिरवत होता, त्यांचं सगळं करत होता, असंच समजून ते गेले. हे तुला आधीच सांगायला हवं होतं, माझ्याकडून झालं नाही. हे वाचून मला फोन करू नकोस, माफीही मागू नकोस, मला ती नको आहे. श्राद्धाला ये. स्टेशनवर घ्यायला मी येईन. पण गाडीत मागे बसशील. पुढची सीट मी अजून कुणाला दिलेली नाही.

तुझीच,
नमी