सकाळी घोटा, दुपारी गुडघा

२६ मार्च १९९५, रविवार

"बर्फाचं तू बघ," गुणवंत म्हणाला. झालं! मला खातं मिळालं. दोर, तंबू, रॉकेल, तिकिटं ही मलईदार खाती त्याच्याकडे. माझ्याकडे बर्फ.

पण खरं सांगायचं तर हे खातं माझंच आहे. सोळा वर्षांपूर्वी मनालीजवळच्या याच हनुमान टिब्बा शिखरावरून आम्ही दोघं माथा दिसत असताना परत फिरलो. पहाटे पाचला गुडघ्यापर्यंत पाय रुतत होता. मी म्हटलं, खाली. गुणवंतने आईमाईवरून शिव्या दिल्या आणि खाली आला. तासाभराने मागचा अख्खा उतार घसरला. तेव्हापासून दोराचं तो बघतो, बर्फाचं मी. वाद नाही.

३ मेला निघायचं. सहा जण. गुणवंत, मी, गुणवंतचा जुना विद्यार्थी स्वप्नील आणि त्याच्या बरोबरीची तीन पोरं. गुणवंत बावन्नचा, मी अठ्ठेचाळीसचा. टिब्बा मात्र तेवढाच तरुण. लक्ष्मी म्हणाली, "गच्चीवरची टाकी बघायला चढवत नाही तुम्हाला." बायकोने नवऱ्याचा गुडघा मोजू नये.

३० मार्च, गुरुवार

पूर्णचंदला पहिला फोन. हा आमचा मनालीचा माणूस. सोमवारी आणि गुरुवारी वर जातो, पहाटे आणि दुपारी बर्फात पाय रोवतो, किती रुतला ते बघतो. संध्याकाळी सहाला एका चहावाल्याच्या फोनपाशी येऊन उभा राहतो. त्याच्याकडे यंत्र नाही. पाय आहे. सकाळी घोटा, दुपारी गुडघा, म्हणजे या. सकाळीच गुडघा, म्हणजे विचार करा. सकाळीच मांडी, म्हणजे घरी बसा. रात्री गोठत नाही तो बर्फ माणसाला धरत नाही, गिळतो.

आज: सकाळीच गुडघा. मार्चअखेर आहे, चालायचंच.

एसटीडी बूथवाला जयकुमार काचेआडून सगळं ऐकत होता. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "अंकल, घुटने तक आ गया? डॉक्टर बदल के देखो." मी त्याला तसंच समजू दिलं. पेशंट आहे म्हटल्यावर नंबर लवकर लागतो.

३ एप्रिल, सोमवार

पहाटे पोटरी, दुपारी मांडी. पेशंटला उतार आहे.

५ एप्रिल, बुधवार

साप्ताहिकात माझं सदर आलं. त्या बिल्डरवर. मुर्ध्याच्या मिठागरात भराव घालून इमारत उभी करतोय आणि पाटीवर लिहितोय, 'सी व्ह्यू'. मी लिहिलं, समुद्र दिसेल, पण त्यासाठी भरतीची वाट बघावी लागेल, आणि तो तळमजल्यावरून दिसेल, घरात बसून. लोकांनी नाक्यावर थांबवून टाळ्या दिल्या. माणूस हुरळतो.

९ एप्रिल, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहितो तरी.

पालीला गेलो होतो, गुणवंतकडे. बर्फाच्या नोंदींचा कागद द्यायला. तो बंदरावर गेला होता. सुलूवहिनी ओट्यावर करंदी निवडत होती. "बसा भावोजी, च्या टाकते," म्हणाली आणि आतून तिकिटाची झेरॉक्स घेऊन आली. "यात तुमचं नाव मना काय गावलं न्हाय. तुमचं येगळं हाय का?"

सहा नावं. गुणवंत. स्वप्नील. तिन्ही पोरं. सहावं — चंदन. वय २३.

मी म्हटलं, हो वहिनी, माझं वेगळं आहे. चहा प्यायलो. साखर जास्त होती. सगळा प्यायलो.

चंदन कोण, ते आठवायला मला चौकापर्यंत चालावं लागलं. बिल्डरचा पुतण्या! सदर छापून आलं त्याच दिवशी दोन पेट्या नवे बूट आणि दोर शाळेत उतरले होते. गुणवंत तिथे पीटी शिकवतो. मी विचारलं, कुणी दिले? म्हणाला, "हितचिंतक हायत." मला तेव्हाच कळायला हवं होतं. आपल्याला हितचिंतक कधी होते?

१० एप्रिल, सोमवार

शाळेच्या मैदानावर गाठलं त्याला. पोरं लंगडी खेळत होती.

"कधी सांगणार होतास? दिल्लीहून?"

शिट्टी तोंडातच ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "शेठ बोलला, सगळा खर्च माझा. माथ्यावर बॅनर धरून फोटो पायजे. पण तो लिहिणारा नको."

"मग तू काय बोललास?"

"बरं बोललो."

बरं! बावीस वर्षं दोराच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला तो. आणि निरोप दोन अक्षरांचा.

मग नेहमीचं आलंच. तुझा गुडघा. तुझं वय. "हा माझा शेवटचा हाय रे पंढरी. पुढल्या वर्षी माझ्यानं न्हाय व्हायचं. पैसा कुठनं आणू?" मी म्हटलं, माझा पण शेवटचाच होता, तुझ्या तोंडून ऐकला म्हणून आज कळलं.

वळलो. मागून हाक. मला वाटलं, आला शुद्धीवर.

"पण बर्फाचं तू बघशील ना?"

११ एप्रिल

सदर लिहिलं. 'माथ्यावर फ्लॅट बुक करा, लिफ्ट नाही, बर्फ फुकट.' चांगलं उतरलं होतं. फाडलं. हसू येईना.

१३ एप्रिल, गुरुवार

बूथवर गेलो. का गेलो? पूर्णचंद तिथे उभा असतो म्हणून. त्याने माझं काय वाकडं केलंय?

पहाटे पोटरी, दुपारी गुडघ्याच्या वर. कागदावर लिहून स्वप्नीलच्या हाती पाठवला. खाली सही केली नाही. एवढाच काय तो माझा निषेध.

१७ एप्रिल, सोमवार

पहाटे घोट्याच्या वर चार बोटं. रात्री आकाश निरभ्र, कडक गोठतंय. इतका चांगला एप्रिल मी कधी ऐकला नाही. नेमका या वर्षी!

जयकुमार म्हणाला, "बढ़िया! पाँव बच जाएगा." त्याला एकट्यालाच माझ्यासाठी आनंद झालाय.

२० एप्रिल, गुरुवार

बेव्हर्ली पार्कच्या नाक्यावर चंदन भेटला. नवे बूट घालून. डांबरी रस्त्यावर, भर उन्हात! "अंकल, चाचा बोले रोज पहनो, पाँव को आदत होगी." पोरगा वाईट नाही, हेच वाईट आहे. मग विचारतो, "अंकल, ऊपर ठंडी में कैमरा चलता है ना?" मी म्हटलं, कॅमेरा चालतो, माणसं बंद पडतात. तो हसला. माझ्या विनोदाला हल्ली तोच हसतो.

लक्ष्मीला आज सांगितलं. दहा दिवस मी सॅक भरतोय, काढतोय, तिला सगळं दिसत होतं. तिने पोळीची कणीक बाजूला ठेवली. "भांडा की मग! जगाला टोचता, आणि त्याच्यापुढे मुके?" म्हटलं, भांडून दोर मिळतो का? "नाही," म्हणाली, "पण इथे घरात बर्फ पडलाय तो तरी वितळेल."

२४ एप्रिल, सोमवार

पहाटे घोटा, दुपारी गुडघा. जसं पाहिजे तसं. स्वप्नीलला कागद दिला. त्याने उडीच मारली माझ्यासमोर. मग आठवण झाली असावी, चेहरा आवरला. "सॉरी काका."

सॉरी कशाबद्दल ते त्यालाही सांगता आलं नसतं.

२७ एप्रिल, गुरुवार

निघण्याआधीचा शेवटून दुसरा फोन.

लाइन खराब. दोनदा कट झाली. पूर्णचंद म्हणाला, तीन दिवस वर ढग आहेत, नवा बर्फ पडलाय, रात्री गोठतच नाही. सकाळीच मांडी.

जयकुमारने विचारलं, "क्या अंकल, अब तो चलने लगा ना पेशंट?" मी म्हटलं, गेला. त्याचं तोंड उतरलं. पैसे घेईना.

स्वतः गेलो शाळेत. कागद नाही पाठवला. अशी बातमी तोंडाने सांगायची असते.

२८ एप्रिल, शुक्रवार

काल शाळेत काय झालं ते आज लिहितोय. काल बसवत नव्हतं.

सामान वर्गात पसरलेलं. फळ्यावर तंबूंची यादी. मी म्हटलं, सकाळीच मांडी. मग स्वप्नील — हाच तो, ज्याला मी पहिली गाठ शिकवली — म्हणाला, "सोमवारी घोटा होता. तीन दिवसांत मांडी? काका, तुम्ही येत नाही म्हणून आम्हीपण जायचं नाही का?"

दुसरं एक पोर पुटपुटलं, "जळतायत." मला ऐकू जाईल इतक्या बेताने.

हे माझ्या वाट्याला! सोळा वर्षं एक आकडा चुकला नाही माझा. नाव काढलं, ते गिळलं. आता जीभही खोटी?

स्वप्नील म्हणाला, "सर, सोमवारी आपणच फोन करू ना पूर्णचंदला. तिकिटं बुधवारची आहेत."

गुणवंत खाली बसून दोर गुंडाळत होता. उठला आणि स्वप्नीलच्या समोर उभा राहिला. "हा माज्यावर लिवेल. मना शिव्या घालेल, माझी अब्रू काढेल, तो त्याचा हक्क हाय. पण बर्फावर खोटं बोलनार न्हाय. समजला?"

मग फळ्याकडे गेला आणि हाताने यादी पुसली. डस्टर शेजारीच होता.

२९ एप्रिल, शनिवार

तिकिटं परत केली. बिल्डरने बूट मागवून घेतले. पुढच्या महिन्यात त्याच्या इमारतीचं उद्घाटन आहे, त्याला उशिराचा फोटो नको. जूनमध्ये शाळा सुरू. म्हणजे या वर्षी नाही. म्हणजे गुणवंतला कधीच नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. तशी तयारी ठेवली होती.

३० एप्रिल, रविवार

गुणवंत आला. पहिल्यांदाच दारावरची घंटा वाजवून. नाहीतर खालूनच बोंबलतो.

हातात सुक्या बोंबलांचं पुडकं. लक्ष्मीला दिलं. पंख्याखालच्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, "पोरांच्या आयांनी सुलूकडं येऊन तुझं नाव काढलं. तुझ्यामुळं पोरं वाचली, म्हनाल्या."

मी उठून पंखा वाढवला.

"तुझ्या जागी मी असतो ना पंढरी, तर म्हटलं असतं, जा, मरा. तू आलास सांगायला." त्याचे डोळे भरले. या माणसाला मी बोट तुटलं तेव्हाही रडताना बघितलेलं नाही. "मी तुला इकला रे."

लक्ष्मी आत गेली. मी त्याला पाणी दिलं. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही.

१ मे, सोमवार

सहा वाजून गेले. पूर्णचंद फोनपाशी उभा असेल. मी गेलो नाही.

गुरुवारची नोंद खोटी आहे. लाइन स्वच्छ होती. ढग नव्हते. बर्फ सोमवारपेक्षाही चांगला होता, पूर्णचंद म्हणाला, "साहब, ऐसा साल फिर नहीं आएगा, जल्दी आओ." खोटं मी शाळेत बोललो, आणि मग घरी येऊन इथेही तेच लिहिलं.

मला वाटलं होतं, गुणवंत विश्वास ठेवणार नाही.