कवडीचं गिऱ्हाईक

१२ मार्च १९८६, पांढुर्णा
बाबा आज कबूल झाले. घोडी विकायची. त्यांना अर्धांगवायू झाल्यापासून कवडी नुसती बांधून आहे. किती वराती केल्या तिनं! म्हणाले, "वीक. पण माणूस पाहून दे."

१६ मार्च
तिगावचा वीटभट्टीवाला आला. दात पाहिले, खूर पाहिले. विटा वाहायला पाहिजे म्हणे. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी नाही म्हणून सांगितलं.

१९ मार्च
सौसरकडचे शामराव, रेल्वेत गँगमन. सोबत बहीण. दात पाहिलेच नाहीत.
"गुरुजी, गर्दी अंगावर आली त बुजते काय?"
खरं तेच सांगितलं. फटाक्याला बुजत नाही. मागून कोणी आलं तर लाथ झाडते.
बहीण म्हणाली, "आमी बौद्ध. आमच्या वस्तीतल्या नवरदेवाले कोणी घोडी देत नाही. तारीख नाही म्हंतात. आपलीच असली म्हंजे कोणाले विचाराचं काम नाही."
शामरावांच्या मुलाचं लग्न वैशाखात आहे.
जाताना ते बाबांच्या खाटेपाशी थांबले. "माह्या लग्नात मी तुमच्याकडेच आलो होतो, बाबाजी. तवा घोडी दुसरी होती."
बाबांनी डोळे मिटले.

२० मार्च
सकाळी विचारलं, आठवते काय? बाबा म्हणाले,
"तारीख रिकामी होती."
दिवसभर जेवले नाहीत.

२३ मार्च
शामरावांच्याच गावचे दोघं आले, वरच्या आळीतले. "त्याइले देऊ नका. आमी नेतो." कवडीकडे पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहिजे, तर "येईन कामी." मी म्हटलं, शब्द दिला. खरं तर अजून दिला नव्हता.

२५ मार्च
कवडी गेली. बाबांची खाट अंगणात आणली होती. उजव्या हातानं लगाम स्वतः शामरावांच्या बहिणीच्या हातात दिला. जीभ जड, तरी सांगत राहिले: डाव्या अंगानं चाल, हिसका देऊ नको. तिनं दोनदा म्हणून दाखवलं.

२ एप्रिल
शाळेत कोणी काही बोललं नाही. मधल्या सुट्टीत चहाला मात्र बोलावलं नाही.

१० मे
उद्या लग्न. शामरावांचा निरोप आला, वरात मोठ्या रस्त्यानंच निघणार. वरच्या आळीतले अडवू म्हणून राहिले.
बाबा म्हणाले, "घोडीच्या पुढं तू चाल. तुले ओळखतेत ते लोक."
मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हणवलं नाही.
सौसरची बस सातला आहे. बायकोनं धुतलेला सदरा काढून ठेवला आहे, न विचारता.