धारेची वेळ

सोम. २ फेब्रुवारी

दूध कट्ट्यावर गेले, पेला पुढे केला, तर गौराक्का म्हशी तशाच सोडून हातात पेपर धरून उभी. "बाई, आदी हे वाचा. अक्षार मुंगीएवढं हाय." महापालिकेची जाहीर नोटीस. आमच्या पेठेतला कट्टा उठवणार. कारणे : वाहतुकीस अडथळा, शेण, परिसराच्या सौंदर्यास बाधा. सौंदर्यास! ज्याने हे लिहिलं त्याने समोर पिळलेल्या दुधाचा फेस ओठावर घेऊन उभा असलेला माणूस पाहिलाच नसेल. म्हशी शहराबाहेर, नाक्यापलीकडे न्यायच्या म्हणे. हरकती लेखी, शुक्र. १३ पर्यंत. ज्याची हरकत मुदतीत दाखल, त्यालाच सुनावणी. मग सभेत निर्णय.

गौराक्काच्या दोनच म्हशी. सासऱ्याच्या काळापासून हीच जागा. "नाक्यापलीकडं पेला घिऊन कोण येतंय? भुतं?" एवढंच बोलली आणि धार काढायला बसली.

मला जेवण गेलं नाही.

गुरु. ५

कृती समितीची बैठक, तालमीच्या माडीवर. पाऊण तास वाद कशावर, तर फलकावर कोणाचा फोटो मोठा. शिसारी आली. अध्यक्ष नानांनी हरकतीचे छापील अर्ज आणले होते, तेवढं एक काम झालं. मग कट्ट्यावर फिरून सह्या घेतल्या. गवळी, गिऱ्हाइकं, पैलवान, रिक्षावाले. कापडी पिशवी गच्च भरली.

गौराक्का म्हणाली, "उद्याच दिऊन टाकूया की." मी हसले. म्हटलं, आक्का, असा गुपचूप दिला तर कागद तो कागदच राहतो. शेवटच्या दिवशी मोर्चाने धडकायचं, मी बोलणार, आणि मग पिशवी त्यांच्या टेबलावर आपटायची. टाळ्या. ठरलं. तिने मात्र आपला अर्ज पिशवीतून शोधून काढला, चार घड्या घालून कनवटीला खोचला. "माझा माझ्यापाशी असू दे." हट्टी आहे. सोडून दिलं.

सोम. ९

कचेरीत आराखडा पाहून आले. गौराक्काच्या म्हशी उभ्या राहतात नेमक्या त्या जागी फायबरची म्हैस. दहा फूट उंच. पोटात दिवे. शेजारी सेल्फी पॉइंट, मागे वाहनतळ. कारकून कौतुकाने दाखवत होता, "मॅडम, संध्याकाळी रंग बदलणार हाय तिचा." खरी म्हैस ती घाण. खोटी म्हैस ते सौंदर्य.

संध्या. कट्ट्यावर सांगितलं. गौराक्का : "दूध देत्या व्हय ती?" सगळे हसले. पण एक गिऱ्हाईक, पेला रिकामा करता करता, "दिसंल भारी की पण, आक्का!" ह्यांच्यासाठी मी घसा फोडायचा.

गुरु. १२

भाषण तयार. अरविंदने विचारलं, किती वेळ? म्हटलं, वीस मिनिटं. एवढा हसला की बशीतला चहा सांडला. "तीस वर्षं संसार केलाय तुझ्याशी." नवऱ्याने तरी असं बोलू नये.

शुक्र. १३

घसा बसलाय.

चारला मोर्चा कचेरीच्या दारात. गर्दी चांगली. नानांचं प्रास्ताविक, हार, पुन्हा हार, त्यात अर्धा तास गेला. मग मी. समोर माणसं पाहिली आणि चढत गेले. रोम आणलं, पॅरिस आणलं, संस्थानकाळातली तालीम आणली. फायबरच्या म्हशीवर तर लोक शिट्ट्या मारत उठले. पाचच्या सुमारास गौराक्का मधूनच उठली आणि निघाली. मी माइकवरून, सगळ्यांदेखत : "बघा, ज्यांच्यासाठी लढाई, तेच रण सोडून चालले!" हशा. तिने एकदा वळून पाहिलं. गेली.

संपवलं तेव्हा पावणेसहा. पिशवी घेऊन आत धावलो. आवक खिडकी साडेपाचला बंद. तोच कारकून, कुलूप लावताना : "मॅडम, मी बी ऐकत हुतो आतनं. काय बोललासा!"

"अर्ज द्यायचेत."

"आज शेवटची तारीख हुती की."

पिशवी तशीच घरी आणली. कोपऱ्यात ठेवलीय. अरविंद तिला वळसा घालून जातो.

शनि. १४

पेपरात फोटो. हात वर, तोंड उघडं. सकाळपासून अभिनंदनाचे फोन. पिशवीचं एकानेही विचारलं नाही. नाना : "सोमवारी दिऊ की, काय फरक पडतोय?" ह्या माणसांची किळस यायला हवी. आधी माझी येते. घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं. पाच वीसला मी ते पाहिलं होतं. पाहिलं, पण टाळ्या चालू होत्या, म्हणून

सोम. १६

पिशवी नेऊन दिली. प्रत्येक अर्जावर शिक्का : मुदतीनंतर प्राप्त. मारून मारून कारकुनाचा हात दुखला. मग त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मुदतीत आलेली हरकत एकच. गौरव्वा, म्हणजे आपली आक्का, धंदा दुधाचा, १३ तारीख, पाच वाजून दहा मिनिटं.

तिथून थेट कट्ट्यावर. पेला नेला नव्हता.

"आक्का, त्या दिवशी तुम्ही उठून गेलात ते..."

"म्हशींची येळ झालती. येळ टळली की थोरली पान्हा चोरत्या, मग दोन दिस धड दूध देत न्हाई. जाता जाता खिडकीत कागद दिला, शिक्का घितला, आलो." धार चालूच. मग मान वर न करता, "तुमी माइकवर बोललासा, ते लागलं बघा."

"चुकलं माझं."

"व्हय. चुकलंच."

धार संपवून म्हणाली, "पेला?" नाही म्हटल्यावर स्वतःचा तांब्या माझ्यापुढे केला.

शुक्र. २०

सुनावणीचं पत्र आलं. तिच्या एकटीच्या नावाने. मंगळ. २४, दु. साडेचार. कट्टा राहणार की जाणार, यावर अख्ख्या पेठेतून बोलायचा अधिकार एकाच माणसाला. धावत गेले. मला अधिकारपत्र द्या, मी मांडते, कायदा, इतिहास, सगळं तयार आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई बाई. तुमी बोलाय लागला की लोक तुमच्याकडं बघत्यात. म्हशी ऱ्हात्यात बाजूला."

आजवर विरोधकांनी पुष्कळ शिव्या घातल्या. इतकं खरं कोणी बोललं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"म्हशी धरा. मी तिकडं आसंन, पर येळंला त्या हितं उभ्या पायजेत. न्हाईतर लोक म्हणतील, उठला कट्टा."

मंगळ. २४

चारपासून दोन्ही दोर हातात. धाकटी गरीब आहे. थोरलीने एकदा पायावर पाय दिला, अंगठा काळानिळा. पाच. साडेपाच. पेले घेऊन माणसं जमली. नाना आले, नव्या फलकाविषयी बोलू लागले, मी ऐकलं नाही. थोरलीची कास तटतटली, रेकायला लागली. दुसऱ्या कोणाचा हात लावून घेत नाही ती. गर्दीतून कोणीतरी, "मॅडम, तवर तुमी बोला की कायतरी!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं. मिटलं.

सहाला आक्का कोपऱ्यावरून येताना दिसली. ठेवणीतलं इरकल, पायांत नवी चप्पल, जवळजवळ पळतच. चप्पल काढली, बसली, कासेवर पाणी मारलं, म्हशीच्या मांडीवर हात फिरवला.

"काय झालं? काय सांगितलंत त्यांना?"

"सायबानं लिवून घितलंय समदं. सभेत ठेवणार म्हणाला."

"पण त्यांचा कल कसा वाटला? राहणार का कट्टा?"

"गप ऱ्हावा जरा, बाई. पान्हा सोडू दे तिला."

दोर धरून गप्प उभी राहिले.