अर्धी तुझी, अर्धी तिची

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

छापखान्यात प्रुफांचा ढीग पडलाय, म्हणून उत्तराला उशीर. लगेच नाक मुरडू नकोस. चिमीचा ताप महिना झाला तरी हटत नाही. तिच्या एचआयव्हीवर पांढरी गोळी चालत नाही, माझ्या एचआयव्हीवर पिवळी. म्हणून आमच्या लग्नाआधीपासून ती पिवळी घेते, मी पांढरी. मागे चार महिने दवाखान्यात गोळ्याच नव्हत्या, तेवढाच काय तो खंड. आता डॉक्टर म्हणतात, तिच्यावर पिवळीही चालेनाशी झाली. गुपचूप गोळ्या टाकून देत असशील, असं मी तिला नको त्या शब्दांत बोललो. तिचं रक्त तुमच्याच प्रयोगशाळेत आलंय, तू स्वतः बघ.

तुझा धाकटा

ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी चिमीची माफी माग. तिने एकही गोळी चुकवलेली नाही.

या विषाणूच्या प्रत्येक कणात त्याच्या जनुकांच्या मजकुराच्या दोन प्रती असतात. एकाच पेशीत तुमचे दोघांचे विषाणू शिरले, की एखाद्या कणात एक प्रत तुझी आणि एक तिची बांधली जाते. तो कण पुढच्या पेशीत गेला, की नक्कल उतरवताना अर्ध्यातून एकीवरून दुसरीवर उडी पडते. प्रुफं तपासताना कंटाळलास की तुझी नजर एका ओळीवरून दुसरीवर पडते ना, तशीच. नवी प्रत निघते ती अर्धी तुझी, अर्धी तिची, आणि तुझ्याकडून पिवळीला, तिच्याकडून पांढरीला, अशी दोन्ही गोळ्यांना दाद न देणारी. गोळ्या बंद होत्या तेव्हाच हे झालं असणार.

तुमचं लग्न जमवताना मीच म्हणाले होते, दोघांना आजार तोच, आता एकमेकांपासून कसली काळजी घ्यायची? वीस वर्षं हेच काम करणारी बाई असं बोलून गेली. मला फार अपराधी वाटतंय. तिसरं औषध इथे अजून मिळत नाही, पण मी विचारायची कोणाला बाकी ठेवलेली नाही. तुझंही रक्त लगेच पाठव.

तुझी ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

रक्त पाठवलंय. चिमीची माफी मागितली आणि तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. औषधाचं तिने काही विचारलं नाही. अर्धी तुझी, अर्धी तिची, एवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. आजार बाळात उतरेल या धास्तीने आम्ही मूल होऊ दिलं नाही, हे तुला ठाऊक आहे. मग ती म्हणाली, की शेवटी आपल्या दोघांचं मिळून काहीतरी झालं म्हणायचं.

आमच्यावरची माया आहे तशीच ठेव.

तुझा धाकटा