टेबलावरून पडल्यामुळे

दि. ४ फेब्रुवारी, दुपार

प्रिय खडू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा ठीक नाही, पण तो बरा असलेला तिला कधी आवडतच नाही. तुझं पत्र नर्स मैत्रिणीच्या दवाखान्याच्या पाकिटातून आलं, तेव्हा आईला वाटलं माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. मी तसंच वाटू दिलं. तू कुठे आहेस हे तिला कळलं तर तिच्या पोटात राहणार नाही. जावईबापूंचा फोन आला की ती अजून उठून उभी राहून बोलते. फोन नको, पत्रच लिही, हे तुझं म्हणणं बरोबर आहे.

अक्षर डाव्या हाताचं आहे हे मला दुसऱ्या ओळीला कळलं. पहिल्या ओळीला वाटलं, बसमध्ये लिहिलंय.

आता कामाचं. तू लिहिलंस, ‘दादा, साधंसंच काहीतरी जोडून दे, चित्र उघडलं म्हणजे झालं.’ साधं देणार नाही. वीस वर्षं लोकांना कॉम्प्युटर जोडून देतोय, त्यात बहिणीलाच डबडं देऊ? शिवाय तुझी कामं मला माहीत आहेत. पोरांच्या पुस्तकातलं एक जंगल काढायचं तर तुला शंभर थर लागतात, प्रत्येक पान वेगळ्या थरावर. मग मशीन रडतं, आणि तू मला फोन करतेस की हे रडतंय. म्हणून रॅम भरपूर, चौसष्ट जीबी. प्रोसेसर मधला, सगळ्यात वरचा लोक मिरवायला घेतात. ग्राफिक्स कार्ड चांगलं, पण गेम खेळणाऱ्यांसारखं राक्षसी नाही. मॉनिटरच्या बाबतीत मात्र मी ऐकणार नाही, रंग खरे दाखवणाराच घेणार. तुझा लाल रंग पुस्तकात विटकरी छापून आला होता तेव्हा तू दोन दिवस कोणाशी बोलली नव्हतीस.

पाटीसारखा पडदा येतो, थेट त्याच्यावर पेनाने काढायचं. तो डाव्या बाजूला, तिरक्या स्टँडवर. उजवीकडे आठ बटणांची छोटी पट्टी. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट चालतं असं डॉक्टरांनी म्हटलंय ना? तेवढ्यात भागतं. मागे जाणं, थर बदलणं, ब्रश लहानमोठा करणं, सगळं दोन बोटांवर बसवून देतो. बाकीची तीन बोटं नुसती टेकवून ठेव, त्यांना काम सांगू नकोस.

त्या दिवसाबद्दल मी काही विचारत नाही. तुझा हात दाराच्या चौकटीवर होता आणि दार त्याने लावलं, एवढं तुझ्या मैत्रिणीने सांगितलं. किती वेळा लावलं, तेही सांगितलं.

दोन गोष्टी कळव. कॅबिनेटला एका बाजूला काच असते, आतले दिवे दिसतात. देखणी दिसते. चालेल? आणि पंख्याचा आवाज सोसवेल की एकदम गप्प मशीन पाहिजे?

आमच्या सोल्डरवाल्या काकांनी तुला आशीर्वाद सांगितले आहेत. तुझ्यासाठी मशीन जोडतोय म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून टेबलाचा कोपरा रिकामा करून दिला. त्या माणसाने आयुष्यात कोणासाठी कोपरा रिकामा केलेला नाही.

जेवत जा.

तुझा,
दादा


सत्तावीस फेब्रुवारी, सकाळ

प्रिय खडू,

आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. काच नको, दिवे नकोत, आवाज नको. आणि शेवटी, ‘मॉनिटरला छोटा आरसा लावता येईल का, काम करताना पाठीमागचं दार दिसेल असा?’ लावलाय. स्कूटरच्या दुकानातून आणला आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात चिमट्यावर बसवला. नको झाला की एका बोटाने निघतो.

मशीन तयार आहे. कॅबिनेट काळं, पत्र्याचं, आतून जाड फोमचं अस्तर. चालू आहे की बंद ते हात ठेवल्याशिवाय कळत नाही. काकांनी चार दिवस सलग चालवून बघितलं. ग्राफिक्स कार्ड मात्र दुसरं टाकलंय. पहिलं फुटलं.

हे पत्र मी चार दिवसांपूर्वी सुरू केलं होतं, आणि प्रत्येक वेळी ‘फुटलं’वर येऊन थांबलो. आज थांबणार नाही.

वीस तारखेला, अकराच्या सुमाराला, तो दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. काकांना नमस्कार केला. मला म्हणाला, “दादा, घरातली भांडणं घरात मिटतात. कुठे आहे तेवढं सांगा, मी स्वतः घ्यायला जातो.”

मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

त्याची नजर टेबलावर गेली. तुझा पडदा डाव्या स्टँडवर लावलेला, उजवीकडे ती बटणांची पट्टी. तो बघत राहिला आणि त्याला समजलं. हसला. म्हणाला, “डाव्या हाताने काढते होय आता? कमाल आहे. मला वाटलं होतं, खोड मोडली.”

मग त्याने डब्यातून ग्राफिक्स कार्ड उचललं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं. रागात नाही. अंडं फोडतात तसं.

मी कोणाच्या तरी मशीनमधून काढलेला जुना पॉवर सप्लाय हातात धरून उभा होतो. दोन किलोचा लोखंडी डबा. तो मी त्याच्या तोंडावर मारला. पहिल्या फटक्याला जबडा गेला, आवाज आला. तो कपाटावर पडला, कपाटातले स्क्रूचे डबे त्याच्या अंगावर सांडले. तो उठायला लागला तेव्हा कानावर दुसरा मारला. मग तो उठला नाही. तोंडातून रक्त येत होतं आणि त्यात स्क्रू चिकटले होते.

खडू, इथपर्यंतचं सगळे जण मला माफ करतात. समोरचा झेरॉक्सवाला येऊन पाठ थोपटून गेला. वकीलही म्हणतात, चालून आला, सामान फोडलं, झटापट झाली, इथपर्यंत सांभाळता येईल.

पण मी तिथे थांबलो नाही. दुकानाचं दार ओढून घेतलं. त्याचा उजवा हात धरला, फरशीवर सपाट पसरला, मनगटावर गुडघा दिला. अंगठा आणि पहिलं बोट आत दुमडून ठेवलं. उरलेल्या तीन बोटांवर डबा मारला. मोजून मारला. तुझ्या मैत्रिणीने जो आकडा सांगितला होता, तेवढ्या वेळा. चौथ्या वेळेला एका बोटातून हाड बाहेर आलं, तरी मी आकडा पुरा केला. माझा हात मदरबोर्ड बसवताना असतो तसा स्थिर होता, आणि मला बरं वाटत होतं. हे कोणापाशी बोललो नाही. खूप बरं वाटत होतं.

काका मागून म्हणाले, “अरे, तो कधीचा बेशुद्ध आहे.”

तेव्हा मी वर बघितलं. काकांनी दोन्ही हातांनी माझी कॉलर धरली होती आणि बहुतेक बराच वेळ ओढत होते. माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या बनियनवर रक्ताचे थेंब उडाले होते. अँब्युलन्स त्यांनी बोलावली, पोलीस मी बोलावले.

तो जगलाय. जबड्यात तार आहे, डाव्या कानाने ऐकू येत नाही, एक बोट काढावं लागलं. मी तीन दिवस आत होतो, आता जामिनावर आहे. आत एकाने विचारलं, कशासाठी आलास? मी म्हटलं, बहिणीसाठी. त्याने मला स्वतःची चादर दिली. त्या चादरीवर मला झोप लागली नाही. कारण तू तर मला असं काही करायला सांगितलंच नव्हतंस. तू आरसा मागितला होतास.

आता खरी गोष्ट. एवढं लिहूनही ती अजून लिहिलेली नाही.

परवा वकील दुकानातली कागदपत्रं चाळत होते. त्यांना तुझ्या नावाच्या दोन पावत्या सापडल्या, गेल्या वर्षीच्या. दुरुस्तीच्या. ‘बिघाडाचं कारण’ या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय: टेबलावरून पडल्यामुळे. दोन्हींवर. वकील म्हणाले, “याच्या कार्बन प्रती तुमच्या बहिणीच्या घरी असतील?” असणारच, मीच तुझ्या हातात दिल्या होत्या. ते म्हणाले, “मग त्या नवऱ्याच्या वकिलाकडे पोचल्या म्हणून समजा. बहिणीच्या केसमध्ये तो कोर्टात विचारेल, मारहाण वर्षभर चालली होती म्हणता, मग सख्ख्या भावाने, तेही याच धंद्यातल्या, असं का लिहिलं?”

खडू, तुझं कॅबिनेट टेबलावर कधी नव्हतंच. ते जमिनीवर असायचं, टेबलाखाली. मीच ठेवलं होतं. ते पडणार कुठून?

पहिल्या वेळी त्याच्या पत्र्यावर पोचा होता, गोल, बुटाच्या टाचेएवढा. पडलेल्या मशीनचा कोपरा चेपतो, मधोमध पोचा येत नाही. हे मी रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगतो. तुला काही विचारलं नाही. पत्रा ठोकून सरळ केला आणि पावती फाडली.

दुसऱ्या वेळी तुझा पेन टॅब्लेट मधून दोन तुकडे झालेला होता, गुडघ्यावर मोडतात तसा. आणि कॅबिनेटचा पत्रा वाकला होता तिथे, स्क्रूमध्ये केस अडकले होते. लांब केस. मुळापाशी वाळलेलं रक्त आणि कातडीचा एवढासा तुकडा. तू काउंटरच्या पलीकडे डोक्याला स्कार्फ गुंडाळून उभी होतीस. मी ते केस चिमट्याने काढले, स्पिरिटच्या बोळ्याने पत्रा पुसला आणि बोळा कचऱ्यात टाकला. तू म्हणालीस, “दादा, मशीन होईपर्यंत मी इथेच थांबू का?”

मी म्हटलं, “थांबू नकोस, उशीर होईल. तो वाट बघत असेल.”

एवढंच बोललो. तू बरं म्हणालीस आणि गेलीस.

विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, हे मला ठाऊक होतं. सांगितलं असतंस तर तुला घरी ठेवून घ्यावं लागलं असतं, आईशी भांडावं लागलं असतं, त्याच्या दारात जावं लागलं असतं. मला ते नको होतं. त्या दिवशी दुकानात तीन मशीन द्यायची होती. हे कारण आहे, दुसरं काही नाही. मी घाबरलोही नव्हतो. मला फक्त कटकट नको होती.

वकिलांचं म्हणणं, कोर्टात सांगू की पावत्या घाईत लिहिल्या, रकाना भरायचा म्हणून भरला. तसं सांगितलं तर मी स्वच्छ राहतो, पण तुझी केस लंगडी पडते. म्हणून मी नाही म्हणालो. मी साक्षीला उभा राहीन तेव्हा सांगेन की पोचा टाचेचा होता, केस तुझे होते आणि मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. बोटांचंही सांगेन, तो बेशुद्ध असल्याचंही. वकील म्हणाले, शिक्षा वाढेल. वाढू दे. काका म्हणाले, “मी पण जे बघितलं तेच सांगणार.” मी म्हटलं, “तेच सांगा.” मग आम्ही दोघं तुझं मशीन खोक्यात भरायला बसलो.

हे तू कोर्टात, त्याच्या देखत, पहिल्यांदा ऐकू नयेस म्हणून आज लिहिलं.

आईला सगळं सांगितलं. पावत्यांचंही. ती गुडघा चोळायची थांबली. मग म्हणाली, “माझ्याकडेही आली होती ती, गेल्या वर्षी. मीही परत पाठवली.” त्यानंतर त्याच्या घरून दोनदा फोन आला, तिने उचलला नाही. तुला भेटायचं म्हणते. मी म्हटलं, ते खडूने ठरवायचं.

मशीन शुक्रवारी काका स्वतः घेऊन येतील, फक्त दवाखान्यापर्यंत. तुझा पत्ता त्यांनी विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. जोडणी कशी करायची ते त्यांनी चित्र काढून दिलंय, हसू नकोस, त्यांना चित्र येत नाही. मशीन नको असेल तर तसंच परत पाठव. माझ्या हातचं आहे म्हणून नको वाटलं तर मला समजेल.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल.

या पत्राची तारीख अक्षरात लिहिली आहे, खाडाखोड केलेली नाही, प्रत्येक पानावर सही केली आहे. तुझ्या वकीलबाईंना दे. मी साक्षीच्या दिवशी कच खाल्ली, तर हे माझ्यासमोर वाचून दाखव.

तुझा भाऊ,
जे वर लिहिलं ते सगळं माहीत असलेला